चिखल, कामट्या आणि मसाला दूध

ऑक्टोबर लागला की शाळेच्या फाटकाशी, लिफ्टमध्ये, ऑफिसात डबे उघडताना एकच प्रश्न कानावर येतो, “दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे नेताय?” विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण मजा कुठेतरी लांब असते, तिचं बुकिंग करावं लागतं आणि मुलांना तिथवर न्यावं लागतं, हे त्या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. मला ते पटत नाही. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने आपल्याकडे असे आहेत की घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला त्यात हक्काचं काम आहे. पाच वर्षांच्या पोराला आहे, बारा वर्षांच्या पोरीला आहे, सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनाही आहे. ती कामं मिळून केली की वेगळी करमणूक शोधावी लागत नाही. मुलांना रमवत बसण्यापेक्षा त्यांना कामाला घ्यावं, या मताची मी आहे आणि त्यासाठी शरद ऋतूइतका सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही.

सोयीचा आहे तो हवेमुळे. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारे महाराष्ट्रातून माघारी फिरू लागतात. जमिनीत अजून ओल असते आणि वर कडक ऊन. कालवलेली माती दिवसभरात वाळते, पेरलेलं बी दोन-चार दिवसांत डोकं वर काढतं. महिनाभर आधी केलेला मातीचा किल्ला पावसानं वाहून नेला असता आणि महिना-दोन महिने उशिरा, थंडीत, त्याच्यावरची मोहरी रेंगाळली असती. कोजागिरीला दुधाचं पातेलं गच्चीवर नेता येतं तेही आभाळ निवळलेलं असतं म्हणून. आपले हे सगळे उद्योग पंचांगात जसे बसवलेत, तसेच ते हवामानातही बसवलेले आहेत.

सुरुवात नवरात्रात भोंडल्यानं होते. कोल्हापूर-सांगलीकडे हादगा म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की तिथे तो सोळा दिवस चालतो. खानदेश-विदर्भात भुलाबाई बसते, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून थेट कोजागिरीपर्यंत. तपशील बदलतात, पण जमायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखून खायची, हे सगळीकडे सारखं. पाटावर हत्ती काढायचं काम आमच्या इमारतीत सगळ्यात धाकट्या मुलीकडे असतं. सोंड कधी शेपटीपेक्षा बारीक होते, कधी हत्तीला पाचवा पाय फुटतो, पण त्याला कुणी खडू लावत नाही. तो पाट मधे ठेवून फेर धरला जातो.

खिरापत ओळखण्यासारखा मुलांसोबत खेळायचा दुसरा खेळ नाही. डबा घट्ट बंद. ज्या घरची खिरापत, त्या घरच्या बाईनं तो कानाशी नेऊन हलवायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. गोड की तिखट? तळलेली की भाजलेली? चमच्यानं खायची की हातानं? वाजत असेल तर एकदम ओरडा होतो, “दाणे! चणे! चिवडा!” न वाजणाऱ्या खिरापतीला खरा कस लागतो. एका भोंडल्याला माझ्या सासूबाईंनी लाल भोपळ्याचे घारगे नेले होते. गोड आहे, तळलेलं आहे, पण लाडू नाही, करंजी नाही, शंकरपाळेही नाहीत. मुली रडकुंडीला आल्या. शेवटी मागच्या जिन्यात बसलेल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलानं डब्याजवळ नाक नेऊन जाहीर केलं, “भोपळा आहे यात.” त्याला फेरात घ्यायचं की नाही यावर आधी कुजबुज चालली होती, ती त्यानंतर थांबली. मुलग्यांना भोंडल्यातून बाहेर ठेवण्यात काही अर्थ नाही. गाणी त्यांनाही पाठ होतात, माहेर-सासरची ती जुनी दुःखं त्यांच्याही कानावर पडायला हवीत, आणि स्वयंपाकघरात काय शिजतं हे ओळखता येणं ही त्यांच्याही उपयोगाची गोष्ट आहे.

खंडेनवमी बहुतेक घरांत गाडीला हार घालून उरकली जाते. ती तेवढ्यावर सोडू नये. आम्ही त्या सकाळी हत्यारांची पेटी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर रिकामी करतो. पक्कड, पाने, करवत, छिन्नी, पटाशी, हातोडी, शिलाई मशीनचं तेल, नारळ फोडायचा कोयता. सासरे एकेक हत्यार मुलांच्या हातात देतात आणि विचारतात, “हे कशाचं?” गंज पॉलिश पेपरनं घासायचा, फडक्यानं तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू. वाकडा पाना आणि सरळ पाना यांतला फरक माझ्या लेकीला त्या वर्तमानपत्रावर कळला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाटीवर एक्यांची सरस्वती काढायची. तीही तिला आजोबांनीच शिकवली. उभे-आडवे एक मांडत गेलं की सरस्वती कशी तयार होते हे एकदा हातात बसलं की विसरत नाही. आपटा मात्र आम्ही आता फांदीनं आणत नाही. सोनं म्हणून एक पान पुरतं, आणि बाजारात आपटा सांगून कांचनाची पानं विकतात ती मुलांना ओळखता यावीत म्हणून दोन्ही शेजारी ठेवून दाखवली, की झालं.

हत्यारं इतक्या आस्थेनं पुसायचं कारण पुढे येतं. पंधरा-वीस दिवसांत तीच करवत आणि तीच पक्कड कंदिलाला आणि किल्ल्याला लागणार असते.

मधे कोजागिरी. हिची तयारी आमच्याकडे घटस्थापनेपासून चालते, आणि ती दुधाची नसते, चंद्राची असते. अमावास्येनंतर पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी कोर शोधायची, मग रोज त्याच वेळी गच्चीवर जाऊन तो कुठे आला ते बघायचं. चंद्रावरचे खड्डे पौर्णिमेला नीट दिसतील असं मुलांना वाटतं; प्रत्यक्षात त्या दिवशी ऊन त्यांच्यावर समोरून पडतं, सावल्या नसतात आणि सगळं सपाट वाटतं. खड्डे बघायचे तर अष्टमीच्या आसपास, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. साधी दुर्बीण पुरते, फक्त कोपर कठड्यावर टेकवायचं म्हणजे हात हलत नाही. कोजागिरीला बघायचे ते काळे डाग आणि त्यांतला ससा. त्या दिवशी चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो, म्हणून मुलांनी दोघांना एकाच वेळी पकडायचं असतं: एकजण पश्चिमेच्या कठड्याशी, दुसरा पूर्वेच्या.

दूध गच्चीवरच आटवावं. घरात आटवून वर नेलं तर वाट बघणं नावाची गोष्टच उरत नाही. बदाम-पिस्त्याचे काप कुणी करायचे, वेलदोडे कुणी कुटायचे, जायफळ कुणी किसायचं हे आधी ठरतं. जायफळ किसायला रांग लागते, कारण वास हाताला राहतो. पातेल्याशी कायम एकजण उभा, पळी हातात, साय धरू द्यायची नाही. भेंड्या, पत्ते, कुणाची तरी पेटी. आणि आश्विनी, म्हणजे घरातल्या ज्येष्ठ अपत्याचं औक्षण. माझी लेक पाटावर बसते, तिच्यानंतर तिचे बाबा बसतात, कारण तेही ज्येष्ठ. आपल्या बापाला त्याच्या आईनं ओवाळताना मुलीनं बघावं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपला बाप कुणाचा तरी मुलगा आहे हे एरवी तिच्या ध्यानात कधी यावं?

आता किल्ला. बाकी सगळं थोडक्यात सांगितलं तरी चालेल, किल्ल्याला जागा द्यायला हवी.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात सहामाहीचा शेवटचा पेपर आणि किल्ल्याचा पहिला दगड यांत एका संध्याकाळचंही अंतर नसे. आता वाड्यांची अंगणं गेली, खाली पेव्हर ब्लॉक आले आणि तयार किल्ले दुकानात मिळू लागले. प्लास्टरचे, रंगवलेले, बुरुजासकट, आणायचा, ठेवायचा. ज्यांना एकट्यानं सुट्टी निभवायची असते, घरात माणूस नसतं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे आईबाप, आजीआजोबा आणि दोन-तीन पोरं आहेत, तिथे तयार किल्ला आणणं म्हणजे सगळ्यांच्या हातातलं काम काढून घेणं आहे. आमच्या सोसायटीत चिखलावरून कुरबुर झाली तेव्हा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत जाड प्लास्टिक अंथरून त्यावर किल्ला करायचं ठरलं. माती रोपवाटिकेतून पोत्यानं येते. दिवाळीनंतर ती गच्चीवरच्या कुंड्यांत जाते. आता कुणी काही म्हणत नाही.

आधी कोणता किल्ला ते ठरतं. डोंगर कसाही उभा करून वर महाराजांना बसवायचं, हा एक प्रकार. तो लहान मुलांसाठी ठीक आहे. पण पाचवी-सहावीपासून पुढच्या मुलांनी खरा किल्ला घ्यावा, त्याचा नकाशा समोर ठेवावा आणि तसाच करायचा प्रयत्न करावा. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यादी मुलांपुढे ठेवली की भांडण लागतं, आणि ते भांडण चांगलं असतं, कारण प्रत्येकाला आपला किल्ला का घ्यावा हे सांगावं लागतं. प्रतापगडवाला १० नोव्हेंबर १६५९ची गोष्ट सांगतो. रायगडवाल्याकडे टकमक टोक, हिरकणी बुरूज, जगदीश्वराचं देऊळ आणि राज्याभिषेक असा भरभक्कम माल असतो. सिंधुदुर्गवाल्याला लगेच विचारलं जातं, “समुद्र कुठून आणणार?”

आमचा राजगड झाला. त्याला पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्या आणि मधे उंच बालेकिल्ला. रायगडाआधी राजधानी हीच. पुतण्यानं छापील नकाशा बघून चुन्यानं प्लास्टिकवर तीन बाजूंना तीन फाटे काढले, आणि तिथेच आजोबांनी त्याला थांबवलं. “सगळ्यात जड दगड कुठे ठेवशील?” तो म्हणाला, “बालेकिल्ल्याच्या टोकाला, म्हणजे उंच होईल.” “मग खालचं काय धरेल त्याला?” सासऱ्यांचं आयुष्य साताऱ्याकडे शेतीत गेलं आहे. बांधाला दगड कसा बसवतात, रुंद तोंड आत की बाहेर, दोन दगडांच्या फटीवर तिसरा कसा यावा, हे त्यांच्या हातात आहे. त्यांनी एका बाजूचे दगड रचून दाखवले आणि दुसऱ्या बाजूचे पुतण्याला रचायला लावले. त्याची बाजू ढासळली की काही बोलत नसत, नुसतं बोटानं तो दगड दाखवत. त्यांना इतक्या लक्षपूर्वक ऐकणारं माणूस एरवी घरात मिळत नाही.

दगड-विटांचा सांगाडा उभा राहिला की पोती. धान्याची जुनी गोणपाटं चिखलाच्या पातळ राड्यात बुडवायची आणि सांगाड्यावर टाकायची. हे काम माझं आणि मला ते अतिशय प्रिय आहे. पोतं निथळत असतानाच त्याला चुण्या पाडल्या, की त्या चुण्यांचे कडे होतात. अगदी सह्याद्रीत दिसतात तसे, उभे, एकाखाली एक. मग वरून खाली माती लिंपत यायची. खालून वर गेलं तर आधी लिंपलेलं हातानं पुसलं जातं. सुवेळा माचीला नेढं आहे, डोंगराला आरपार भोक. त्यासाठी पाण्याच्या पाइपाचा तुकडा सांगाड्यातच आडवा घातला आणि माती वाळल्यावर फिरवून काढला. लेक जमिनीवर आडवी पडून पलीकडून डोळा लावून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हानं तडे जातात. मुलं घाबरतात. पातळ चिखल बोटानं तड्यांत भरला की झालं, आणि एका कोपऱ्यातले तडे तसेच ठेवले तर तो सुकलेल्या ओढ्यासारखा दिसतो. तटबंदीच्या विटा रिकाम्या काडेपेटीच्या साच्यात पाडायच्या, साचा आतून ओला करून. पद्मावती तलावाला नारळाची करवंटी. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे, एका तटाला बाहेरून दुसरा तट, मधे माणूस जाईल एवढी फट. ती काडेपेटीच्या विटांत करताना पुतण्यानं विचारलं, “दोन भिंती कशाला? एकच जाड का नाही बांधली?” त्याच्या बाबांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, “तू शत्रू हो. ये आत.” दोघांनी दोन मावळे हातात घेतले आणि बराच वेळ तो बाहेरची भिंत पाडून आत शिरायचा प्रयत्न करत होता, आणि आत शिरला की त्या फटीत अडकत होता. युद्धशास्त्र असं समजावं.

पेरणी सगळ्यात धाकट्याची. यातही जाणतेपणा लागतो. अळीव भिजवला की बुळबुळीत होतो आणि कुठेही चिकटतो, म्हणून तो उभ्या कड्यांवर. मोहरी उतारावर. नाचणी सपाट माचीवर, म्हणजे ती शेतासारखी दिसते. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. पाणी तांब्यानं ओतायचं नाही, बी वाहून जातं. बोटं बुडवून शिंपडायचं, दिवसातून दोन-तीनदा. आमच्या इथलं पाच वर्षांचं पोर तर सकाळी दात घासायच्या आधी जिन्याखाली हजर असे. वसुबारसेच्या आठ दिवस आधी पेरलं तर लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवागार असतो. पहिले कोंब त्यानंच पाहिले आणि सगळ्या मजल्यांवर जाऊन प्रत्येकाची बेल वाजवली.

मावळे आणायला पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जायचं. तिथे मातीची चित्रं टोपल्यांत मांडलेली असतात: सिंहासनावरचे महाराज, भालाईत, तोफ, वाघ, आणि त्यांच्या जोडीला भाजीवाली, गवळण, डोक्यावर गवताचा भारा घेतलेला शेतकरी. मुलं सैनिक उचलतात. भाजीवाली आणि शेतकरीही घ्यायला लावावेत. गडाच्या पायथ्याला गाव लागतं, गावाशिवाय गडावर धान्य येणार कुठून? हा प्रश्न विचारला की पायथ्याला विहीर होते, बैलगाडी येते, बाजार भरतो, आणि किल्ल्याचं काम आणखी दोन संध्याकाळी लांबतं.

यात मोठ्यांनी एक पथ्य पाळायचं: हुकूम मुलांचा. दगड कुठला ते आजोबा सांगतील, पण किल्ला कोणता, दरवाजा कुठे, तलावात मासे सोडायचे का, हे पोरांनी ठरवायचं आणि आपण पाट्या वाहायच्या. काही बापांना हे जमत नाही. ते स्वतःच्या लहानपणचा राहिलेला किल्ला पुरा करायला बसतात आणि पोरं बाजूला उभी राहून बघतात. तिथे मला राहवत नाही, मी जाऊन त्या बापाच्या हातातलं थापी-घमेलं काढून घेते.

किल्ला वाळत असताना कंदील. माहीमच्या कंदील गल्लीत एकाहून एक देखणे कंदील मिळतात आणि ते करणाऱ्यांचे हात सोन्याचे आहेत. दारातल्या दुसऱ्या कंदिलासाठी मी त्यांच्याकडूनच घेईन. पण खिडकीतली चांदणी घरची. बांबूच्या दहा सारख्या कामट्या. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन. जिथे जिथे काड्या एकमेकींवरून जातात तिथे दोऱ्याची घट्ट फुली. मग दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधायची, आणि मधला जो पंचकोन दिसतो त्याच्या पाच कोपऱ्यांत, दोन चांदण्यांच्या मधे, बोटभर लांबीचे तुकडे अडकवायचे. तोवर चपटी असलेली चांदणी त्या क्षणी फुगते. मुलांचे चेहरे तेव्हा बघावेत. तुकडे बसवायला दोन माणसं लागतात, एकानं फट धरायची, दुसऱ्यानं काडी सरकवायची. एकट्याला हे होतच नाही.

कागद पतंगाचा, खळ मैद्याची, घरात शिजवलेली. एका पाकळीचा कागद एकाच बाजूनं चिकटवायचा, म्हणजे दिवा आत सोडता येतो. पूर्वी साधा बल्ब असे आणि कागद तापून करपायची भीती. आता एलईडीमुळे ती काळजी गेली. झिरमिळ्या कापण्याचं काम आजींचं. कात्री धारदार हवी आणि घाई अजिबात नको, तेव्हा त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. शेजारी बसून नात कागदाची घडी घालून देते आणि दोघींच्या गप्पा चालतात, ज्यात मला घेत नाहीत.

फराळाबद्दल फार सांगायला नको, ते सगळ्यांच्या घरी असतं. एवढंच की शंकरपाळ्यांचं कातणं मुलांच्या हातात द्यावं आणि वाकडे झालेले तसेच तळावेत. सोऱ्या फिरवायला मुलग्यांना बसवावं. चकलीचं पीठ घट्ट असतं, ताकद लागते.

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळीच्या वेळी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात, आणि ते कडू फळ कुठल्या कुंपणावर मिळतं हे आदल्या दिवशी हिंडून शोधणं हे पोरांचं काम. गोव्यात तर त्या आधीची सगळी रात्र वाड्यावाड्यावरची मुलं जागी असतात. बांबू, गवत, कागद यांचा अवाढव्य नरकासुर दिवसेंदिवस खपून उभा करायचा आणि पहाटे जाळायचा, मग घरी येऊन फोव खायचे: गुळाचे, ताकातले, बटाट्याचे. मिळून करण्याची ओढ तिथेही तीच, फक्त आपण किल्ला उभा करतो आणि ते असुर.

भाऊबीज झाली की बहुतेक घरांत सुट्टी संपल्याचं सावट येतं. आमच्या एका बेताला तेव्हा सुरुवात होते. ज्या किल्ल्याची प्रतिकृती केली, तो किल्ला बघायला जायचं. हा क्रम मुद्दाम आहे, आधी मातीचा, मग दगडाचा. उलट्या क्रमानं गेलं तर मुलं गडावर फोटो काढतात आणि भूक लागली म्हणतात. स्वतः बांधून झाल्यावर गेलं तर ती तपासायला जातात. कार्तिकात सकाळी हवा थंड होऊ लागलेली असते, वाटेवरचं गवत पिवळं पडू लागतं, कुठे कुठे सोनकीची शेवटची फुलं असतात. राजगडाला आम्ही पाली दरवाज्याच्या वाटेनं गेलो, कारण तिथे पायऱ्या आहेत आणि सासऱ्यांना चढता आलं. पद्मावती तलावाशी ते सावलीत बसले आणि आम्ही पुढे संजीवनी माचीकडे.

तिथल्या त्या दोन तटांच्या मधल्या फटीत उतरायला अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या आहेत. पुतण्या आधी उतरला. दोन्ही हात पसरून त्यानं दोन्ही भिंतींना लावून बघितले. वर उभी राहून लेक विचारत होती, “बसतोय का मावळा?” तो आतूनच ओरडला की आपण फट फार रुंद ठेवली होती, इथे शत्रूला तलवार उपसताही येणार नाही. मग तिलाही उतरायचं होतं. तिच्यानंतर दोघांच्या बाबांना.

परत तलावाशी आलो तेव्हा आजोबांसमोर सगळा अहवाल मांडला गेला आणि लगोलग पुढच्या वर्षाचा प्रश्न निघाला. पुतण्याला सिंधुदुर्ग हवा होता. १६६४मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर पायाभरणी झाली, तो. अडचण जुनीच होती, समुद्राची. प्लास्टिकची शीट अंथरली तर तिला खालून दगड टोचतील आणि पाणी झिरपेल, असं लेकीचं म्हणणं. आजोबांनी विचारलं, “शेततळ्याला काय घालतात?” दोघांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली, आधी बारीक मातीचा थर, मग पोतं, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद, कडा वर घेऊन दगडाखाली दाबायच्या, आणि पुतण्या खिशातून पेन काढून ते डब्याच्या कागदी पिशवीवर उतरवून घेऊ लागला.